वापरलेला थिंकपॅड टी४८०: कंप्युटर सायन्सच्या विद्यार्थिनीसाठी मी निवडलेला लॅपटॉप

मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंप्युटर नेटवर्क हे विषय शिकवते. त्यामुळे ‘कंप्युटर सायन्सला प्रवेश घेतलाय, लॅपटॉप कुठला घेऊ?’ हा प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतो. भाचीची वेळ आली तेव्हा मात्र नुसता सल्ला देऊन भागणार नव्हतं. बहिणीने सगळी निवड माझ्यावरच सोपवली होती. मी तिला लेनोवोचा थिंकपॅड टी४८० घेऊन दिला, तोही वापरलेला. हे २०१८चं मॉडेल. भाचीचं आता शेवटचं वर्ष चालू आहे आणि अजूनही तिचं सगळं काम त्याच मशीनवर चालतं. मी स्वतःही घरी हेच मॉडेल वापरते. म्हणून खालचं जे काही आहे ते दोन मशिनांच्या अनुभवावरून आणि लॅबमध्ये दिसणाऱ्या इतर असंख्य लॅपटॉपच्या तुलनेत लिहिलंय.

हातात घेतल्यावर भाची म्हणाली होती, “मावशी, हा ऑफिसातला वाटतो गं.” तो होताही ऑफिसातलाच. टी मालिकेतले थिंकपॅड मोठ्या कंपन्या शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी एकदम बदलतात. त्यामुळे वापरलेल्या मशिनांच्या बाजारात ते भरपूर मिळतात, आणि सुटे भागही मिळत राहतात. दिसायला काळा, चौकोनी, साधा. दिसण्याबद्दल एवढं पुरे.

आधी मेमरीबद्दल, कारण लॅपटॉप निवडताना मी सगळ्यात पहिल्यांदा तीच बघते. पहिल्या वर्षी सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्रॅम लिहायला कुठलंही मशीन चालतं. खरा भार दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. ब्राउझरमध्ये मॅन्युअल, व्याख्यानाच्या स्लाइड आणि शंकांची उत्तरं अशा ढीगभर टॅब उघड्या, शेजारी व्हीएस कोड हा एडिटर, त्यात कोडमधल्या चुका दाखवणारा लँग्वेज सर्व्हर, खाली व्हर्च्युअल मशीनमध्ये (कंप्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कंप्युटरमध्ये) उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसच्या विषयाला डॉकर नावाच्या वेगळ्या कप्प्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस. मोबाइल ॲपचा विषय घेतला की ॲन्ड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा इम्युलेटर. आठ जीबीमध्ये हे सगळं एकत्र मावत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतली पानं, म्हणजे तुकडे, डिस्कवर टाकायला लागते आणि मशीन अडखळतं.

लॅबमध्ये हे बघताना मला खरंच वाईट वाटतं. मुलाचा प्रोग्रॅम बरोबर असतो, पण उत्तर यायला वेळ लागतो म्हणून तो पुन्हापुन्हा कोड बदलत बसतो. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत असतं. टास्क मॅनेजर उघडून दाखवला की कळतं, मेमरी काठोकाठ भरलेली आहे. नवा, चकचकीत, पातळ लॅपटॉप, आणि आठ जीबी मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली. वाढवायची सोयच नाही. चार वर्षं त्याच मापात काढायची.

टी४८०मध्ये डीडीआर४ मेमरीचे दोन स्लॉट आहेत आणि दोन्हींतली मेमरी काढून बदलता येते. लेनोवोच्या कागदावर कमाल ३२ जीबी लिहिलंय, पण ३२-३२च्या दोन पट्ट्या टाकून ६४ जीबी चालवणारे लोकही बरेच आहेत. भाचीच्या मशीनमध्ये आठची एकच पट्टी होती, आम्ही तशीच दुसरी टाकली. दोन सारख्या पट्ट्यांनी क्षमता वाढतेच, शिवाय मेमरीकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनेल) वापरात येतात. यातलं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे ते याच मेमरीवर जगतं, म्हणून एकाच पट्टीवर ठेवलेलं मशीन उगाच मंद वाटतं. तिसऱ्या वर्षी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच्या प्रोजेक्टसाठी तिला तीन व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी चालवायची होती, तेव्हा ३२ जीबी केली. बाकी मशीन तेच राहिलं. विद्यार्थ्याची गरज वाढत जाते तसं मशीनलाही वाढता आलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि टी४८० निवडण्यामागचं पहिलं कारणही.

इथे एक सावधगिरी. टी४८०एस नावाचं जवळजवळ जुळं मॉडेल आहे. ते पातळ आणि हलकं आहे, पण त्यात काही मेमरी सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच. टी४९०चंही तसंच. विकणारे बऱ्याचदा ‘सगळे सारखेच’ असं म्हणतात. सारखे नाहीत. मशीन उलटं करून खालच्या बाजूचं लेबल वाचा.

प्रोसेसर बघताना ‘आय५’ एवढ्यावर जाऊ नका. इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या यू मालिकेतल्या आय५ला सातव्या पिढीपर्यंत दोनच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, होते, आठव्या पिढीत ते चार झाले. म्हणून आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असलेलं मशीन घ्यावं. दोन्हींत चार कोअर आणि आठ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. आय७ मिळाला तर ठीक, पण त्यातही चारच कोअर आहेत, त्यासाठी अडून बसू नये. आठवी पिढी घेण्याचं आणखी एक कारण विंडोज ११ आहे. विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांची सुरुवात जवळपास आठव्या पिढीपासूनच होते. टी४८० त्या यादीत अगदी उंबरठ्यावर बसतो.

वेगाबद्दल स्पष्ट सांगते. आजचा मध्यम दर्जाचा नवा प्रोसेसर याला सहज मागे टाकतो. अभ्यासक्रमातल्या कामात, म्हणजे हजार-दोन हजार ओळींचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिहिणं, शिकवण्यासाठीचं एक्सव्ही६ हे छोटं ऑपरेटिंग सिस्टिम क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये चालवणं, डेटाबेसच्या क्वेऱ्या, वेबसाइट, यात हा फरक जाणवत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पूर्ण कंपाइल करताना जाणवतो, चांगलाच जाणवतो. एलएलव्हीएमसारख्या कंपायलरच्या मोठ्या प्रकल्पात योगदान द्यायचं असेल तर डीबग माहितीसकट लिंक करताना मेमरीही भरपूर लागते आणि धीरही. पण अशा वेळी भाची मेकफाइलमध्ये (कंपाइल करायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे ते नीट लिहायला शिकली, बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल व्हाव्यात याची काळजी घ्यायला शिकली. हे मी पाहिलं आणि मला आनंद झाला.

आता मशीन उघडण्याबद्दल. खालचं झाकण साध्या फिलिप्स स्क्रूंनी बसवलेलं आहे आणि हे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. दुरुस्तीची पुस्तिका लेनोवोने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, त्यात प्रत्येक भाग काढायचा क्रम चित्रांसह दिलाय. उघडण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन अंतर्गत बॅटरी बंद करायची, बाहेरची बॅटरी काढायची, मग झाकण. भाचीने दुसरी पट्टी स्वतःच्या हाताने बसवली. मी फक्त शेजारी बसले होते. रजिस्टर, कॅश, मुख्य मेमरी, डिस्क ही वेगवान ते संथ अशी साठवणीची उतरंड मी वर्गात फळ्यावर काढते. इथे तिने मेमरी आणि डिस्क हातात धरली, प्रोसेसर कुठे आहे आणि मेमरी त्याला इतकी खेटून का ठेवलीय हे पाहिलं. त्यानंतर तिने मला जे प्रश्न विचारले ते वर्गात क्वचितच कोणी विचारतं. कंप्युटर सायन्स शिकणाऱ्याचं मशीन बंद डबा असू नये. त्याच्या पोटात काय आहे ते बघता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, आणि बदलल्यावर ते पुन्हा सुरू होतं हा विश्वास यायला पाहिजे.

डिस्कची सोयही याच वृत्तीची आहे. अडीच इंची जागेत सॅटा या जुन्या जोडणीची डिस्क बसते, किंवा छोट्या ट्रेमध्ये जास्त वेगवान एनव्हीएमई. शिवाय मोबाइल डेटाच्या कार्डासाठी एक आखूड एम.२ स्लॉट (पातळ कार्डाची खाच) दिलाय. ते कार्ड नसेल तर तिथे २२४२ मापाची (२२ मिमी रुंद, ४२ मिमी लांब) छोटी एसएसडी बसवता येते. घेताना ‘की’ (कार्डाच्या टोकावरच्या खाचेचा प्रकार) आणि माप दोन्ही तपासून घ्या, नेहमीची लांब एसएसडी तिथे बसत नाही. आम्ही मोठ्या डिस्कवर विंडोज ठेवलं आणि छोट्यावर उबुंटू. दोन वेगळ्या डिस्क असल्यामुळे एकाचं बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) दुसऱ्याने खोडलं, पार्टिशन करताना सगळा डेटा गेला, ही भीतीच राहिली नाही. लिनक्सची बाजू मोडली तर मोडू दे, उद्या परीक्षेचा अर्ज भरायला विंडोज शाबूत आहे. ती तिने मोडलीही, आणि स्वतःच परत उभी केली.

लिनक्स या मशीनवर इतकं छान चालतं की मला ते वेगळं सांगावंसं वाटतं. उबुंटूने प्रमाणित केलेल्या मशिनांत टी४८० आहे. वायफाय, झोपवणं-उठवणं, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, सगळं पहिल्याच दिवशी चाललं. अपवाद बोटाच्या ठशाच्या सेन्सरचा. त्यासाठी खटपट करावी लागते, आम्ही तो सोडून दिला. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आहे, मग वेगळं लिनक्स कशाला, असं विद्यार्थी विचारतात. बऱ्याच कामांना डब्ल्यूएसएल२ पुरतंच. पण कर्नल मॉड्यूल लिहायचं, ड्रायव्हर कसा लोड होतो ते बघायचं, नेटवर्क इंटरफेसशी खेळायचं, तर खऱ्या हार्डवेअरवरचं लिनक्स हवं. उलट विंडोज पूर्ण काढूनही टाकू नका. काही ऑनलाइन परीक्षांना सेफ एक्झाम ब्राउझर लागतो आणि तो लिनक्सवर मिळत नाही.

माझा विषय नेटवर्क, म्हणून इथर्नेटच्या पोर्टबद्दल मी जरा जास्त आग्रही आहे. टी४८०ला अंगचं आरजे४५, म्हणजे नेटवर्क केबलची खाच, आहे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना ते नसतं. मग लॅबमध्ये मुलं ॲडॉप्टर शोधत फिरतात, एकमेकांचे मागतात. वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून दोन मशिनांमधला टीसीपीचा हँडशेक, म्हणजे जोडणी जुळवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण, पकडायचा, स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) करून टॅग बघायचे, मशीनला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या डीएचसीपीचे चारही संदेश ओळीने दाखवायचे, हे सगळं केबलवर स्वच्छ दिसतं. वायफायवर तेच करताना आधी वायफायच्याच अडचणी सोडवत बसावं लागतं. शिवाय पूर्ण आकाराचं एचडीएमआय, दोन साधे यूएसबी, दोन यूएसबी-सी आणि एसडी कार्डाची खाच. दोन्ही यूएसबी-सीमधून चार्जिंग होतं, त्यामुळे चार्जर विसरला तर वर्गातल्या कोणाचा तरी चालून जातो. एकच लक्षात ठेवा: एचडीएमआय जुन्या १.४ प्रकारचं आहे. ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचा असेल तर तो यूएसबी-सीमधून जोडा.

कीबोर्डसाठी तर मी हे मशीन पुन्हा घेईन. कळ खोल दबते, बोटाला नेमकं कळतं, आणि रात्री उशिरापर्यंत टाइप करूनही हात दुखत नाहीत. होम, एंड, पेजअप, पेजडाउन या कळा वेगळ्या आहेत, एफएन धरून दोन-दोन बोटांची कसरत नाही. कोड लिहिणाऱ्याला यांची किंमत कळते. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे, त्याने सुरुवातीला गोंधळ होतो, पण बायोसमध्ये दोन्हींची अदलाबदल करता येते. ती पहिल्याच दिवशी करून टाका. मधली लाल ट्रॅकपॉइंट, म्हणजे बोटाने कर्सर हलवायची गुंडी, सगळ्यांना आवडत नाही. मला आवडते. भाची ती वापरत नाही. कळांमागचा दिवा प्रत्येक मशीनला नसतो, हवा असेल तर बघून घ्या.

पडदा ही याची दुबळी बाजू. यात १३६६ × ७६८चाही एक प्रकार निघाला होता, तो अजिबात घेऊ नका. कोडच्या वीस-बावीस ओळी दिसल्या की पडदा संपतो, आणि बाजूने बघितलं की रंग उलटे. १९२० × १०८० आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारा) हवाच. तोसुद्धा २५० निट्स उजेडाचाच आहे, खिडकीसमोर बसलं की फिका पडतो, आणि फोटो किंवा डिझाइनच्या कामासाठी त्याचे रंग पुरेसे नाहीत. टर्मिनल आणि एडिटरला चालतो. घरी आम्ही मॉनिटर जोडला आणि प्रश्न मिटवला. कॅमेराही बेताचाच आहे. त्यावर सरकवायचं झाकण आहे हे मात्र चांगलं.

बॅटरीची रचना मला फार आवडते. आत २४ वॉट-तासांची एक, आणि मागून लावायची दुसरी, जी २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची मिळते. आतली चालू असल्यामुळे बाहेरची लॅपटॉप बंद न करता बदलता येते. टी मालिकेत ही सोय टी४८०नंतर बंद झाली. ७२ची बॅटरी खाली उंचवट्यासारखी येते, वजनही वाढवते. हलक्या रूपात मशीन १.६ किलोच्या आसपास आहे, मोठ्या बॅटरीने ते आणखी भरतं. तरी दिवसभर प्लग न शोधता राहायचं असेल तर मोठीच घ्या. वापरलेल्या मशीनमधल्या बॅटऱ्या थकलेल्या असणार हे गृहीत धरा आणि बाहेरची नवी घ्यायची तयारी ठेवा. कुणी बनवलीय ते कळत नाही अशी स्वस्त बॅटरी मात्र घेऊ नका, लिथियमच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. चार्जिंगची मर्यादाही ठरवून ठेवता येते, विंडोजमध्ये लेनोवो व्हँटेजमधून आणि लिनक्सवर टीएलपी या प्रोग्रॅममधून. घरी कायम प्लगला असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा.

पालक हमखास विचारतात ते ग्राफिक्स कार्डाबद्दल: मशीन लर्निंग शिकायचंय, मग गेमिंग लॅपटॉप नको का? माझ्या अनुभवात पदवीच्या अभ्यासाला नको. न्यूरल नेटवर्क कसं शिकतं हे समजून घेण्यासाठी हस्ताक्षरातले आकडे ओळखणारं छोटं मॉडेल साध्या प्रोसेसरवरही तयार होतं. त्यापुढच्या कामाला गुगल कोलॅब किंवा कॅगल या ऑनलाइन सेवांवर मर्यादित वेळेसाठी फुकट जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) मिळतो, आणि कॉलेजचा सर्व्हर असेल तर एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षितपणे जोडून घेऊन) तिथे काम करायला शिकणं हे स्वतःच एक शिक्षण आहे. टी४८०च्या काही मशिनांत एनव्हिडियाचं एमएक्स१५० कार्ड असतं, दोन जीबी मेमरीचं. आजच्या मॉडेलांना ती पुरत नाही. कार्ड नसलेलंच मशीन घ्या, ते कमी तापतं.

वापरलेलं मशीन घेताना काय तपासायचं ते सांगते, कारण इथे घाई झाली तर वरचं सगळं वाया जातं. सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड आतली छोटी बॅटरी काढून जात नाही आणि तो नसेल तर अनेक सेटिंग कायमच्या बंद राहतात. तिथेच चोरीविरोधी ॲब्सोल्यूट मॉड्यूल चालू तर नाही ना, तेही बघा. पूर्वीच्या कंपनीने ते सुरू ठेवलं असेल तर नंतर डोकेदुखी होते. व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारं व्हर्च्युअलायझेशन चालू करा. मग विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरीचा अहवाल काढा आणि मूळ क्षमता व आताची क्षमता यांची तुलना करा. एसएसडीची तब्येत तपासा. मेमरीची चाचणी रात्रभर चालवा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा, दोन्ही यूएसबी-सीमधून चार्जिंग होतं का ते विशेष. बिजागरी उघडझाप करून पाहा.

आणि घरी आणल्यावर पहिलं काम थंडरबोल्टचं (यूएसबी-सी पोर्टमधल्या वेगवान जोडणीचं) फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करणं. त्या काळातल्या अनेक थिंकपॅडमध्ये या फर्मवेअरची त्रुटी होती. ती राहिली तर कालांतराने यूएसबी-सी पोर्ट नीट काम करेनासा होतो, चार्जिंगही बंद पडू शकतं. लेनोवोने त्यासाठी अपडेट काढलेलं आहे. पूर्वीच्या मालकाने ते केलंच असेल असं मानून चालू नका.

काही विद्यार्थ्यांना मी टी४८० सुचवत नाही. आयफोनची ॲप बनवायची असतील तर एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. अनरियल इंजिनवर गेम बनवायचे असतील तर चांगलं ग्राफिक्स कार्ड हवंच, तिथे गेमिंग लॅपटॉप ही चैन नाही. व्हिडिओचं काम बरोबरीने चालत असेल तर या पडद्यावर डोळे थकतील. आणि घरात कोणालाच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नसेल, बिघडल्यावर फोन करून मोकळं व्हायचं असेल, तर हमीसकट नवं मशीन घ्यावं. त्यात काही गैर नाही. नवं घेताना १६ जीबीच्या खाली जाऊ नका. मेमरी सोल्डर केलेली असेल तर आजच ३२चा विचार करा, नंतर संधी मिळणार नाही. एआरएम प्रोसेसरवरचं विंडोज घेण्याआधी तुमच्या विभागात कुठली सॉफ्टवेअरं लागतात ती यादी मागून घ्या. जुनी शैक्षणिक साधनं आणि ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांसाठीच बनवलेले असतात.

चांगल्या स्थितीतला टी४८० मिळाला नाही, तर २०२०चा थिंकपॅड टी१४, एएमडी रायझन ५ प्रो ४६५०यू असलेला, बघा. सहा कोअर आहेत आणि कंपाइल करताना तो फरक लगेच दिसतो. मेमरीचा एक स्लॉट आणि बाकी सोल्डर केलेली, त्यामुळे सोल्डर केलेली किती आहे ते विचारून घ्या, १६ असेल तर उत्तम. नव्यातलंच घ्यायचं असेल तर २०२४चा टी१४ जेन ५, इंटेलचा. त्यात लेनोवोने मेमरीचे दोन्ही स्लॉट परत आणले, बॅटरी बदलणं सोपं केलं आणि उपकरणं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीच्या सोयीसाठी १०पैकी ९ गुण दिले. भाचीच्या धाकट्या भावाचं पुढच्या वर्षी कॉलेज सुरू होतंय. त्याच्यासाठी मी सध्या याच दोघांवर नजर ठेवून आहे.